ताठरतेची तक्रार आणि हृदयाची तपासणी: आधी कोणाकडे जावे?

प्रश्न: आगरवाला, राजापूर तालुका

नमस्कार. हा प्रश्न लिहावा की नाही यावर मी दोन आठवडे विचार केला आणि अखेर खरे नाव न सांगता, ‘आगरवाला’ म्हणजे बागवाला या टोपणनावाने विचारायचे ठरवले. माझे वय ४७ आहे. राजापूर तालुक्यात खाडीलगत आमची हापूसची जुनी कलमे आणि थोडी पोफळीची बाग आहे. गेल्या दीड वर्षापासून पत्नीशी संबंधाच्या वेळी ताठरता पुरेशी येत नाही, आणि आली तरी टिकत नाही. आरंभी मी ते फवारणीच्या दिवसांतील दगदगीवर आणि बाजारभावाच्या काळजीवर ढकलले, परंतु हंगाम संपला, पावसाळा घरात बसून काढला, तरी फरक पडला नाही. पहाटेची ताठरताही आता क्वचितच जाणवते. इच्छा मात्र कमी झालेली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण ज्या एकमेव मित्राला मी हे सांगितले त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

छातीत दुखत नाही. बंदरापासून घरापर्यंतची आमची पाखाडी शंभरावर पायऱ्यांची आहे आणि ती मी आंब्याची पेटी घेऊन आजही चढतो, थोडा दम लागतो इतकेच. दिवसाला सहा-सात सिगारेट होतात. सहा महिन्यांपूर्वी गावातील शिबिरात रक्तदाब १४८/९४ निघाला होता, त्यानंतर पुन्हा मोजला नाही. माझे वडील ५३ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

मुंबईचा मेहुणा म्हणतो की एक गोळी घेतली की प्रश्न मिटतो आणि ती दुकानात सहज मिळते. मित्र म्हणतो की हे हृदयाच्या आजाराचे पहिले लक्षण असते, आधी छाती तपासून घे. मला यातील खरे काय ते समजून घ्यायचे आहे. मित्राचे म्हणणे खरे असेल तर आधी जावे कोणाकडे? आमच्या गावातील डॉक्टर घरचेच आहेत, आईला ते दर महिन्याला तपासायला येतात, त्यामुळे त्यांच्यासमोर हा विषय काढायला जीभ रेटत नाही.


उत्तर १: फिजिशियन, सिंधुदुर्ग

आपण पुष्कळ तपशील दिला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात बावीस वर्षे प्रॅक्टिस करतो. आपले मित्र बरोबर सांगत आहेत, आणि मेहुण्यांचे सांगणे पूर्ण चूक नसले तरी त्यांनी क्रम उलटा धरला आहे.

ताठरता ही मुळात रक्तप्रवाहाची क्रिया आहे. उत्तेजनेनंतर मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू स्रवतो. त्याच्या परिणामाने वाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैलावतात, रक्ताचा ओघ कित्येक पटींनी वाढतो, आणि भरलेल्या ऊतींच्या दाबाने परतीच्या शिरा मिटल्यामुळे ते रक्त काही वेळ तेथेच राहते. हे आतील अस्तर सगळ्या शरीरात एकच आहे. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि चरबी यांनी ते बिघडते तेव्हा ते केवळ एका अवयवापुरते बिघडत नाही. फरक असतो तो वाहिन्यांच्या रुंदीचा. लिंगाकडे जाणाऱ्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर व्यासाच्या असतात, हृदयाला रक्त देणाऱ्या ३ ते ४ मिलिमीटरच्या, आणि मेंदूकडे जाणाऱ्या मानेतील धमन्या त्याहून मोठ्या.

आपल्याकडे पोफळीची बाग आहे, म्हणून सांगतो. पाटाला गाळ धरू लागला की मुख्य पाट वाहताना दिसतो, पण एखाद्या आळ्याकडे जाणारा बारीक दांड त्याआधीच तुंबलेला असतो, आणि पोफळ सुकू लागली की आपण शोध घेतो तो वरच्या अंगाला. ही तुलना एका बाबतीत अपुरी आहे. रक्तवाहिनी म्हणजे नुसता दांड नव्हे, तिला स्वतःहून रुंदावता आले पाहिजे, आणि बहुतेकांत आधी बिघडते ते हे रुंदावणे. अडथळा नंतर साचतो.

मिलानमधील मोंतोर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली छातीच्या तीव्र दुखण्याने दाखल झालेल्या आणि अँजिओग्राफीत आजार सिद्ध झालेल्या ३०० पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ताठरतेची तक्रार होती, आणि त्या निम्म्यांतील सुमारे दोन तृतीयांश जणांत ती छातीच्या दुखण्याच्या आधी, सरासरी तीन वर्षांहून थोडी अधिक आधी, सुरू झालेली होती. दोन ते पाच वर्षांची ही मुदत पुढे अनेकांनी नोंदवली आहे. इंग्लंडमध्ये हृदयविकाराचा दहा वर्षांचा धोका मोजण्यासाठी जे गणित वापरतात, त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत ताठरतेच्या तक्रारीला वेगळे स्थान दिलेले आहे. वय जितके कमी तितके या लक्षणाला महत्त्व अधिक. सत्तरीतील माणसाच्या तक्रारीतून हृदयाविषयी फारसे नवे काही कळत नाही, चाळिशीतील माणसाच्या तक्रारीतून कळते.

आता आपल्याविषयी. तक्रार हळूहळू वाढली, पहाटेची ताठरताही कमी झाली आणि इच्छा टिकून आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर कारण मनापेक्षा रक्तवाहिन्यांत असण्याची शक्यता अधिक वाटते. मनावरील ताणाने येणारी अडचण बहुधा अचानक येते, एखाद्या प्रसंगापुरती किंवा एखाद्या व्यक्तीपुरती राहते, आणि झोपेत व पहाटे सर्व ठीक असते. त्यात सिगारेट, न तपासलेला रक्तदाब आणि ५५ वर्षांच्या आत गेलेले वडील हे सगळे धरले, तर मी आपल्याला तपासल्याशिवाय कोणतीही गोळी देणार नाही.

पाखाडी चढता येते ही चांगली गोष्ट आहे. संबंधाच्या वेळी हृदयावर येणारा भार साधारणपणे दोन जिने न थांबता भरभर चढण्याइतका धरतात, त्यामुळे तेवढा श्रम आपले हृदय सोसते असे म्हणता येईल. परंतु यावरून धमन्या स्वच्छ आहेत असा निष्कर्ष काढू नये. हृदयविकाराचे अनेक झटके अशा जागी येतात जिथे धमनी फार अरुंद झालेलीच नसते. भिंतीतील चरबीचा मऊ थर फुटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. अशा माणसाला आदल्या दिवसापर्यंत चढ लागलेला नसतो.

प्रथम रक्तदाब दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बसून मोजून घ्यावा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी), क्रिएटिनीन (मूत्रपिंडांसाठी), ईसीजी आणि कमरेचा घेर एवढे पहिल्या भेटीतच होऊ शकते. आपल्याकडील पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा मानतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासायचे असेल तर रक्त सकाळी अकराच्या आत द्यावे, कारण दिवस चढतो तसे ते कमी होत जाते. आपल्या बाबतीत ट्रेडमिलवरील स्ट्रेस टेस्ट मी सुचवीन. रक्तदाब आणि साखर तिशीवरील प्रत्येकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते, त्यामुळे आरंभ तेथूनही करता येईल. तेथे गेल्यावर हा विषय काढण्याची सक्तीही नाही.

घरच्या डॉक्टरांबद्दल वाटणारा संकोच मला समजतो. तरी एक वाक्य पुरते, आणि ते असे: ‘दीड वर्षापासून ताठरता कमी झाली आहे, हृदयाच्या दृष्टीने तपासणी करावी असे वाटते.’ हे वाक्य ऐकल्यावर डॉक्टरांना कारण विचारावे लागणार नाही. नपुंसकत्व हा शब्द मात्र कृपया वापरू नका. तो माणसाला नाव ठेवतो, आजाराविषयी काहीच सांगत नाही.


उत्तर २: किनारपट्टी

डॉक्टरांचा मान राखून लिहितो. चाळिशी ओलांडल्यावर हे प्रत्येकाच्या बाबतीत थोडेफार होतेच, आणि त्यावर हृदयविकाराचे सावट धरले तर माणूस होता त्याहून अधिक आजारी पडेल. माझ्या एका परिचिताने अशाच भीतीने सगळ्या तपासण्या केल्या, काहीही निघाले नाही, आणि पुढे कर्ज फिटल्यावर तक्रार आपोआप गेली.


उत्तर ३: फिजिशियन, सिंधुदुर्ग

आपल्या परिचितांचा अनुभव खरा आहे आणि तसे रुग्ण मीही पाहतो. ही तक्रार असलेल्या प्रत्येकाला हृदयविकार असतो असे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के पुरुषांनी कमी-अधिक प्रमाणात ही अडचण सांगितली होती, आणि एवढ्या सगळ्यांना झटका येत नाही हे उघड आहे. परंतु ‘सर्वांना होते’ यावरून ‘तपासायला नको’ असे ठरत नाही. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतर देशांतील लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर येतो, असे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दिसले आहे. प्रश्नकर्त्यांच्या वडिलांचे वय आपण पुन्हा एकदा वाचावे. तपासणीत काही निघाले नाही तर दोन दिवसांचा खर्च झाला इतकेच, आणि मग कर्जाचा विचार करायला आपण मोकळे आहोत.


उत्तर ४: निवृत्त शिक्षक, दापोली तालुका

माझा अनुभव सविस्तर लिहितो, कारण तो प्रश्नकर्त्यांच्या परिस्थितीच्या अगदी शेजारचा आहे. मला ही तक्रार ५१ व्या वर्षी सुरू झाली. त्यानंतरच्या तीन वर्षांत मी दोन डॉक्टरांकडे नियमित जात होतो, एकाकडे गुडघ्यासाठी आणि एकाकडे रक्तदाबासाठी. दोघांपैकी कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. शाळेत मुलांना शरीरशास्त्र शिकवताना प्रजननसंस्थेचा पाठ ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देणाऱ्या शिक्षकांपैकी मी एक होतो, तेव्हा तक्रार कोणाविरुद्ध करू? आमच्याच तालुक्यातील मुरूड हे कर्व्यांचे गाव. त्या घरातील रघुनाथराव कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक आरोग्यावर मराठीत मासिक सुरू केले, ते १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवले आणि त्यापायी खटलेही सोसले. त्या गावापासून आठ मैलांवर राहून मला स्वतःच्या डॉक्टरांसमोर एक वाक्य उच्चारता आले नाही.

गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याने मला मुंबईहून ताठरतेच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली होती. दीड दिवसाचे विसर्जन झाले, त्या रात्री मी त्यातील एक गोळी घेतली. दोन तासांनी छातीवर दडपण आले, घामाने सदरा भिजला आणि डावा जबडा ओढू लागला. घर पाहुण्यांनी भरलेले होते. शेजारचे वृद्ध गृहस्थ हृदयाचे जुने रुग्ण, ते धावत आले आणि त्यांनी आपल्या खिशातील सॉर्बिट्रेटची गोळी माझ्या जिभेखाली ठेवायला काढली. त्या घटकेस मला एवढेच आठवले की पट्टीबरोबर आलेल्या कागदावर नायट्रेट हा शब्द होता, आणि सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेटच. मी पत्नीच्या कानात सांगितले की मी अमुक गोळी घेतली आहे. तिने ते सर्वांसमोर मोठ्याने सांगितले, आणि त्याबद्दल मी तिचा आयुष्यभर ऋणी आहे. जिभेखालची गोळी दिली गेली नाही. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनाही तिनेच सांगितले, ॲस्पिरिन चघळायला दिली गेली, ईसीजीत झटका दिसला आणि पुढे शहरात नेऊन अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट आहे.

त्यानंतरचे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर मीठ किती, ओझे किती, चालणे किती, सर्व होते, पण पती-पत्नीच्या संबंधांविषयी एक अक्षर नव्हते. मी विचारले नाही. पत्नीला वाटले की माझ्या छातीवर ताण येईल, मला वाटले की ती घाबरली आहे, आणि आम्ही आठ महिने वेगवेगळ्या खोल्यांत झोपलो. अखेर एका फेरतपासणीच्या वेळी तिनेच कार्डिऑलॉजिस्टना विचारले. त्यांनी सांगितले की गुंतागुंत न झालेल्या झटक्यानंतर, बेताच्या श्रमाने छातीत दुखत नसेल आणि दम लागत नसेल, तर एक-दोन आठवड्यांनंतरच यास हरकत नसते. बायपास झाली असेल तर छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे, थांबायचे असते. हृदयविकाराच्या एकूण झटक्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी झटके संबंधांच्या वेळी येतात, हेही त्यांनी सांगितले. ते आठ महिने विनाकारण गेले.


उत्तर ५: औषधविक्रेता, रत्नागिरी जिल्हा

वरील अनुभवात ज्या दोन गोळ्यांची गाठ पडता पडता राहिली, त्यांविषयी दुकानात बसून रोज जे सांगतो ते येथे लिहितो.

सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्या नायट्रिक ऑक्साइडने घडवलेला परिणाम लवकर ओसरू देत नाहीत. जिभेखालची सॉर्बिट्रेट आणि नायट्रोग्लिसरीन ही नायट्रेट वर्गातील हृदयाची औषधे शरीरात तोच नायट्रिक ऑक्साइड पुरवतात. एकाने पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने बांध बंद होऊ द्यायचा नाही, असा प्रकार होतो आणि रक्तदाब एकदम इतका उतरतो की हृदयालाच रक्त पोहोचत नाही. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट देत नाहीत, आणि ज्यांना नायट्रेट किंवा निकोरँडिल (तसेच काम करणारे हृदयाचे औषध) रोजचे चालू आहे त्यांनी या गोळ्यांचा विचारच करू नये. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, त्यातही रक्तदाब उतरू शकतो.

गंमत अशी की सिल्डेनाफिल मुळात छातीच्या दुखण्यावर उपाय म्हणून तपासले जात होते. अमेरिकेत त्याला ताठरतेसाठी मान्यता मिळाली ती मार्च १९९८ मध्ये, आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्या नावाने हे पारितोषिक आहे त्या आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवले होते, आणि अखेरच्या दिवसांत त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हृदयासाठी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिले होते. म्हणजे ही दोन्ही औषधे हृदयाच्या वाटेवरचीच आहेत. ज्याचे हृदय तपासून स्थिर ठरले आहे, ज्याला नायट्रेट चालू नाही, त्याला ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यास सहसा अडचण नसते.

कायद्याने ही गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तरी ती मिळते, हे मी नाकारत नाही, आणि आमच्या व्यवसायाला ते शोभत नाही. त्याहून मला भीती वाटते ती जत्रेत, बसस्थानकाच्या भिंतीवरील जाहिरातीत आणि टपालाने मिळणाऱ्या ‘शुद्ध वनौषधी’ चूर्णांची. अशा चूर्णांत आणि कॅप्सूलमध्ये चोरून सिल्डेनाफिल मिसळल्याचे देशोदेशींच्या औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. घेणाऱ्याला वाटते की आपण मुळी-पाला घेत आहोत, आणि झटक्याच्या वेळी डॉक्टरांनी विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘कोणतीही गोळी घेतलेली नाही’ असे सांगतो.


उत्तर ६: गृहिणी, मालवण

भाऊ, एका पत्नीच्या बाजूनेही काही सांगावेसे वाटते. माझ्या यजमानांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांनी त्यांनी ती मला न सांगता बंद केली. कोणीतरी बोटीवर सांगितले होते की बीपीच्या गोळीने पुरुषत्व जाते. पाच महिने रिकामी पाकिटे डब्यात दिसत राहिली आणि मी समजत राहिले की औषध चालू आहे. एके दिवशी नाकातून रक्त आले तेव्हा दाब १९०/११० निघाला.

आमच्या डॉक्टरांनी तेव्हा जे समजावले ते असे. काही जुन्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होऊ शकते, हे खरे आहे. पण उच्च रक्तदाबाने स्वतःही तेच होते, आणि ‘या गोळीने असे होते’ हे आधी ऐकलेल्यांत तक्रार अधिक आढळते. गोळी बदलता येते, पर्याय पुष्कळ आहेत, मात्र स्वतः बंद करायची नाही. विशेषतः बीटा-ब्लॉकर अचानक थांबवले तर हृदयावर उलटा परिणाम होऊ शकतो. त्यांची गोळी बदलली, मी सुक्या बांगड्याची आणि खाऱ्याची पंगत आठवड्यातून एकदाच केली, त्यांनी मशेरी सोडली. मशेरीला धूर नसतो म्हणून ती निरुपद्रवी, असे आमच्या घरात तीन पिढ्या मानत होते, पण निकोटीन रक्तवाहिन्या आवळते, मग ते हिरडीतून येवो की फुप्फुसातून.

आपण पत्नीला सांगितले आहे की नाही, हे आपल्या लिहिण्यावरून कळत नाही. सांगितले नसेल तर तिने स्वतःच काही कारण ठरवलेले असेल, आणि ते बहुधा आपल्या रक्तदाबापेक्षा वाईट असेल. मी ठरवले होते.


प्रश्नकर्ता: आगरवाला, राजापूर तालुका

सर्वांचे आभार मानून, महिन्याभरात काय झाले ते कळवतो. मालवणच्या ताईंचे उत्तर वाचले त्या रात्री पत्नीला सांगितले. तिने ठरवलेले कारण खरोखरच वाईट होते. ते येथे लिहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात घरच्या डॉक्टरांकडे दोघे गेलो. मी डॉक्टरसाहेबांनी सुचवलेले वाक्य पाठ करून गेलो होतो, ते म्हटले, आणि त्यांनी नुसती मान हलवून रक्तदाबाचा पट्टा उचलला. तीन दिवसांची मोजणी १५० ते १५६ आणि ९४ ते ९८ यांच्या दरम्यान आली. एचबीए१सी ७.२ निघाले, म्हणजे मधुमेह होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५१, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर, टेस्टोस्टेरॉन ठीक. रत्नागिरीस जाऊन स्ट्रेस टेस्ट केली. पाखाडीचा अभिमान होता, पण साडेआठ मिनिटांतच थांबावे लागले. ईसीजीत मात्र दोष दिसला नाही. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांसाठी औषधे सुरू झाली आहेत. सिगारेट सातवरून दोनवर आली आहे, हे मोठ्या अभिमानाने सांगण्यासारखे नाही हे मी जाणतो.

ताठरतेच्या गोळीविषयी डॉक्टर म्हणाले की हृदयाच्या दृष्टीने आज मनाई नाही, पण साखर आणि दाब आटोक्यात आल्यावर तीन महिन्यांनी ठरवू. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. केवळ औषधे आणि चालणे यांनी ही तक्रार कमी होऊ शकते का? आणि माझे दोन धाकटे भाऊ आहेत, एक ४३ वर्षांचा आणि एक ३९ वर्षांचा, दोघेही मुंबईत. त्यांना यातील किती सांगावे?


उत्तर ७: फिजिशियन, सिंधुदुर्ग

मधुमेह वेळेत सापडला, हे फार बरे झाले. मधुमेही पुरुषांत ही तक्रार इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षे आधी दिसते, तेव्हा आपल्या दीड वर्षांचे बरेचसे स्पष्टीकरण तेथेच मिळते. साखर रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूंनाही इजा करते, म्हणून डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना एकदा तपासून घ्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काही अंशी, काहींच्या बाबतीत’ असे आहे. इटलीत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताठरतेची तक्रार असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांना दोन गटांत वाटले होते. ज्या गटाला आहार आणि व्यायाम यांचे काटेकोर मार्गदर्शन मिळाले, त्यातील सुमारे एक तृतीयांश पुरुषांची तक्रार दोन वर्षांत गोळीशिवाय दूर झाली. त्या पुरुषांना मधुमेह आणि उच्च रक्तदाब नव्हता, हे मात्र ध्यानात घ्या, त्यामुळे आपल्याला तेवढाच लाभ होईल असे मी सांगणार नाही. व्यायाम म्हणाल तर आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी चाळीस मिनिटे, घाम येईल इतका, आणि असे सहा महिने, हे प्रमाण इतर अभ्यासांच्या आढाव्यातून पुढे आले आहे. बागेत दिवसभर उभे राहणे यात मोडत नाही. पाखाडी मोडते, रिकाम्या हाताने आणि न थांबता. उरलेल्या दोन सिगारेटींचा वाटा कमी समजू नका. थोडी सिगारेट म्हणजे थोडा धोका, असा सरळ हिशेब हृदयाच्या बाबतीत लागत नाही.

तीन महिन्यांनी गोळी सुरू झाली तर तिचे नाव आणि घेतल्याची वेळ पत्नीला ठाऊक असू द्या. घरात कोणाची सॉर्बिट्रेट पडून असेल, आपल्या मातोश्रींची असण्याचा संभव आहे, तर त्यावरही बोलून ठेवा.

भावांना ताठरतेविषयी काही सांगण्याची गरज नाही. वडील ५३ व्या वर्षी गेले आणि थोरल्या भावाला ४७ व्या वर्षी मधुमेह व रक्तदाब निघाला, एवढे सांगा आणि याच महिन्यात दोघांचा रक्तदाब, साखर व लिपिड तपासून घ्यायला लावा. त्यांच्यापैकी कोणी आपण होऊन दुसरा विषय काढला, तर आपल्याला उत्तर माहीत आहे.